रज्जाकभाईचा कान

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. कुठल्या व्यापाऱ्याला मी कसं गुंडाळलं, कुणाशी हातघाईवर आलो, कुणाचा फोन आला की मी तिला उचलायला लावतो — सगळं. ही एक गोष्ट सोडून. ही तिला ठाऊक नाही, मुलांना नाही, आणि ज्याचं नुकसान झालं त्यालाही नाही. तोंडापर्यंत पुष्कळदा आली. मग मी चहा मागवला, किंवा कुणावर तरी ओरडलो, आणि ती परत खाली गेली.

आज लिहितोय. बोलायला गेलो असतो तर पुन्हा चहा मागवला असता.

मी भांड्यांचा व्यापारी. सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडतात, ती घ्यायची आणि धुळे, जळगाव, पार पाचोऱ्यापर्यंत पोचवायची, हा माझा धंदा. सुरुवात सायकलवर झाली. मागे गाठोडं बांधून खेड्यापाड्यांत फिरायचो, जुन्या भांड्यांची मोड घ्यायचो, नवं भांडं द्यायचो. आज दुकान आहे, गाडी आहे, लोक शेठ म्हणतात. हे मी कुणाच्या मेहेरबानीने मिळवलेलं नाही. एकेक गोष्ट घासाघीस करून मिळवली. भाव केल्याशिवाय मी दाढीसुद्धा करून घेत नाही. राग नाकावर असतो, तेही मान्य. पण या गोष्टीत मला राग पुढे करून सुटायचं नाही. रागीट माणूस पुष्कळ गोष्टींतून सुटतो, तुम्ही पाहिलंच असेल. ‘स्वभावच तसा आहे त्याचा’ म्हणतात आणि सोडून देतात.

रज्जाकभाई माझ्याहून थोडा मोठा, पण आमचं पहिल्यापासून अरे-तुरे. तो भांडी घडवायचा. घडवायचा — हे ‘घडवायचा’ लिहिताना हात थांबतो, कारण ते ‘घडवतो’ असायला हवं होतं. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून तो घागर उभी करायचा आणि शेवटी बोटाच्या पेराने तिच्या पोटावर टिचकी मारायचा. कान तिरका करून ऐकायचा. आवाज पसंत पडला तर घागर माझ्याकडे सरकवायचा, नाही तर पुन्हा हातोडी. त्याची टिचकी पडली की भाव वर जायचा, म्हणून मी त्या वेळी मुद्दाम खोकायचो. तो हसायचा. म्हणायचा, “खोक शेठ, खोक. घागरले सर्दी नही व्हत.”

आता खरं सांगायचं तर मला त्याच्या त्या कानाचा राग होता. का, ते सांगतो. पण आधी टेकडी.

आमच्या गावाबाहेर एक टेकडी आहे. अर्ध्यावर देवीचं ठाणं, माथ्यावर पीर. पायवाट एकच. देवीला नवस फेडायला जाणारे तिनेच जातात, पिराला चादर चढवणारेही तिनेच. पावसाळ्यात ती वाट निम्मी वाहून जायची. पाणी वाटेवरूनच धावायचं, माती न्यायचं आणि दगड उघडे पाडायचं. एका म्हाताऱ्या अक्काचा पाय त्या दगडांत मुरगळला आणि ती जत्रेतून झोळीत खाली आली, तेव्हा गावातल्या आम्ही काही जणांनी ठरवलं की वाट आपणच राखायची. माझं नाव त्यात कसं? साधं आहे. देवीच्या जत्रेत माझं दुकान लागतं. वाट बंद म्हणजे गिऱ्हाईक बंद. पुण्याचं काम वगैरे नंतर लोकांनी चिकटवलं.

कुणाच्या तरी ओळखीतून नाशिककडची एक मुलगी शिकवायला आली. निशाताई. डोंगरातल्या वाटा राखायचं काम करणारी, उन्हाने रापलेली, आवाज अजिबात न चढवणारी. आम्हाला वाटलं होतं, फावडं-कुदळ आम्ही जन्मभर पाहिलीय, ही काय शिकवणार? तिने पहिल्या दिवशी फावडं हातात घेऊ दिलं नाही. नुसतं चालवलं. पाणी कुठून वाटेवर चढतं, कुठून उतरायला हवं, ते दाखवलं. वाटेवर तिरपी चर काढायची, म्हणजे पाणी वाटेवर न धावता बाजूला उतरतं. चरीचं तोंड पालापाचोळ्याने बुजलं की सगळी मेहनत फुकट. अवजार नेहमी उताराकडच्या हातात धरायचं, म्हणजे पाय घसरला तर ते दूर फेकता येतं, अंगावर येत नाही. वरच्या अंगाला माणूस काम करत असेल तर त्याच्या बरोबर खाली कुणी उभं राहायचं नाही.

आणि दगड. सुटा झालेला दगड पहारीने हलवायचा असेल, तर खाली वळणावर एकाने दोरी आडवी धरून वाट अडवायची. वरच्याने हाक द्यायची — “दगड!” खालच्याने आपली वाट आणि आपली जागा पाहून, बाजूला होऊन उत्तर द्यायचं — “मोकळं!” ते उत्तर कानावर पडेपर्यंत पहारीवर जोर द्यायचा नाही. नाही म्हणजे नाही.

मी तिथेही भाव केला, ऐका. म्हटलं, ताई, दर दगडाला हाक आणि दर दगडाला उत्तर, अशाने दिवाळी उजाडेल. पहिल्या दगडाला हाक देऊ, मग खालचा उभाच आहे की. चार दगडांना एक हाक करा. लोक हसले. निशाताईही हसली, पण म्हणाली, “काका, यात कमी-जास्त होत नाही.”

खाली दोरी धरायला तिने रज्जाकभाईला निवडलं. त्याचा आवाज पहाडी आणि कान तिखट. वाऱ्यातही त्याला वरची कुजबुज कळायची. तिने सगळ्यांना पाठमोरं उभं करून मागून हळू हाका मारून पाहिलं होतं. पहिला वळला तो रज्जाकभाई.

आता तो राग. टेकडीच्या कामाच्या वर्षभर आधी जळगावच्या एका मोठ्या घरातल्या लग्नाची भांडी माझ्याकडे ठरली होती. सोनगीरची, हातची, हातोडीने मठारलेली — असंच मी सांगितलं होतं. वेळ कमी होता, माल अपुरा होता. मी काही घागरी बाहेरच्या कारखान्यातून आणल्या आणि वरून हातोडीचे ठसे उठवून घेतले. कोण ओळखणार? पार्टी माल पाहायला दुकानात आली, तेव्हा रज्जाकभाई योगायोगाने तिथे बसला होता. मी त्याला डोळ्याने खुणावलंही. त्याने एक घागर पुढे ओढली, टिचकी मारली, कान तिरका केला. आणि अगदी सहज, जणू कुणाचं पोर चुकून आपल्या घरात आलंय अशा सुरात म्हणाला, “ही मनी नही, शेठ.”

घागर त्याची नाही हे कळलं आणि पार्टी उठून गेली. नंतर तो मला म्हणाला, मी खोटं कसं बोलू, माझं नाव घेऊन विकत होतास. बरोबरच होतं त्याचं. पण मला ते बरोबर असणंच सहन झालं नाही. मी वर्षभर तो काटा जपला. त्याच्याकडून माल घेत राहिलो, चहा पीत राहिलो, आणि आत धुमसत राहिलो. तुम्ही कधी कुणाबरोबर रोज चहा पीत असा राग धरलाय? फार सोपं असतं ते.

त्या दिवसापर्यंत आलो. हो, आता टाळत नाही.

सकाळची वेळ होती, उन्हाळा संपत आलेला. पावसाआधी देवीच्या वरचं वळण दुरुस्त करायचं होतं. बाकीचे लोक पलीकडच्या अंगाला चरी साफ करत होते, निशाताई त्यांच्यात. वळणाच्या वर मी पहार घेऊन, खाली रज्जाकभाई दोरी घेऊन. काम सुरू करण्याआधी सगळे पाणी प्यायला जमलो होतो, तेव्हा मी वाटेवरच्या एका मोठ्या दगडाकडे पाहून म्हणालो, हा भक्कम दिसतो, हा राहू द्या पायरीला. रज्जाकभाई त्या दगडापाशी गेला, बोटाने त्यावर टिचकी मारली, कान लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “शेठ, हाऊ दगड तरी हातना शे का मशीनना?”

लोक खो-खो हसले. त्यांना सगळ्यांना ती घागरीची गोष्ट ठाऊक होती. मला वाटत होतं, ठाऊक नाही.

मी वर गेलो. कान तापले होते. पहार हलवायच्या सुट्या दगडाखाली घातली. खाली रज्जाकभाई दोरी धरून उभा, पाठ माझ्याकडे, वाटेकडे तोंड, बरोबर शिकवलं तसं. आता हाक द्यायची होती. आणि हाक दिली की त्याचं उत्तर येणार होतं — त्याच पहाडी, हसऱ्या आवाजात. मला त्या क्षणी त्याचा आवाज ऐकायचा नव्हता. त्याच्याशी बोलायचं नव्हतं. लहान पोरं अबोला धरतात ना, तसं. एवढंच. एवढ्यासाठी मी हाक दिली नाही.

दगड उजवीकडच्या घळीत जाईल असा माझा हिशेब होता. त्याला लागावं असं मनात नव्हतं. पण हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की आता त्याच्यावर माझाच विश्वास नाही, तेव्हा तुम्हीही ते मोजू नका. मी जोर दिला. दगड सुटला, एका खुंटावर आपटला, उलटा फिरला आणि सरळ वाटेने खाली गेला. आवाज झाला तेव्हा रज्जाकभाईने मान वळवली. उडी मारायला एक पाऊल उचललंही. दुसरं राहिलं.

मी धावत खाली गेलो. त्याचा घोटा दगड आणि बांधाच्या मध्ये. तो ओरडत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. पलीकडून लोक आले. निशाताई गुडघ्यावर बसली, आम्ही दगड सरकवला, तिने पाय बांधला. सगळं नीट, घाई न करता. मग मान वर करून तिने मला विचारलं, “काका, हाक दिली होती?”

नाही म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हणालो, “दिली ना. दोनदा दिली. त्याला ऐकू आलं नाही.”

हे दोनदा कुठून आलं, ठाऊक नाही. व्यापाऱ्याची सवय असेल, खोटं बोलायचं तर वजन पूर्ण घालायचं. वारा होता, बाकीचे लांब होते, खोटं ठरवणारं कुणी नव्हतं. आणि कुणीतरी हळहळत म्हणालं, आयुष्यभर भांड्यावर ठोकाठोक, कान जाणारच की. बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

पाहिलंत ना? मी नुसतं इतकं म्हणालो असतो की हाक राहून गेली, तर लोक चिडले असते, निशाताईने मला कामावरून काढलं असतं, विषय संपला असता. दुसरंही कितीतरी खोटं बोलता आलं असतं. पहार निसटली, दगड आपोआप सुटला. पण माझ्या तोंडातून जे आलं ते थेट त्याच्या कानावर आलं. ज्या कानाने मला जळगावच्या पार्टीपुढे उघडं पाडलं, त्याच कानावर. हे आपोआप झालं असं म्हणायची मला सोय नाही.

पाय सुधारला. लंगड राहिली, पण काठी घेऊन तो फिरतो. कानाचं मात्र सुरू झालं. त्याचा मुलगा अन्वर त्याला धुळ्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मीही गाडी घेऊन बरोबर होतो. कान साफ निघाले तर? डॉक्टर म्हणाले, थोडं कमी झालंय, वय आहे, धंदाही तसाच. त्या वयाच्या कुणालाही त्यांनी हेच सांगितलं असतं. मलाही. पण अन्वरच्या चेहऱ्यावर पक्कं झालं. आणि मी — हे लिहायला सगळ्यात जास्त लाज वाटते — मी सुटलो म्हणून मला बरं वाटलं. कानाचं मशीन मीच घेऊन दिलं. दुकानदाराशी भावही केला. अन्वर माझ्या पाया पडायला वाकला, तेव्हा मी त्याला वर उचलून छातीशी धरलं. गावात अजून सांगतात, शेठने मशीन दिलं.

मग घरातले त्याच्याशी ओरडून बोलायला लागले. हॉटेलात चहावाला त्याच्या तोंडासमोर हात नाचवून विचारायचा, कट का फुल. फोन आला तर सून उचलायची. पहिले काही महिने तो म्हणायचा, “अरे, माले ऐकू येस ना, वरडू नका.” सगळे हसायचे, म्हाताऱ्याला मान्य होत नाही म्हणायचे. मग त्याने ते म्हणणं सोडलं.

आणि त्याने टिचकी मारणं सोडलं. घागर घडवायचा, बोट उचलायचा, आणि थांबायचा. अन्वरला हाक मारून विचारायचा, बघ रे, आवाज बराबर शे का? अन्वरचा तेवढा कान नाही. तो बरोबर आहे म्हणायचा. एके दिवशी रज्जाकभाईने हातोडी त्याच्या हातात दिली आणि स्वतः ओट्यावर येऊन बसला. आता धंदा अन्वर बघतो. भावात तो कच्चा आहे, मी म्हणेन ते ऐकतो. आणि माझ्या दुकानातली घागर उचलून, टिचकी मारून बघणारा गावात कुणी उरला नाही. म्हणजे त्या खोट्यात मला फायदाच झाला. हे मी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण मला कळतं.

त्याच ओट्यावर त्याने एकदा मला विचारलं. आम्ही दोघेच होतो. समोर कोंबड्या टिपत होत्या. तो म्हणाला, “सुकलाल, तू हाक मारी व्हती ना?”

शेठ नाही म्हणाला. सुकलाल म्हणाला. सायकलच्या दिवसांत म्हणायचा तसं. त्याच्या आवाजात संशय नव्हता. त्याला नुसतं जाणून घ्यायचं होतं, स्वतःवर किती भरवसा ठेवायचा ते. मी तेव्हा बोललो असतो तर त्याला ते सगळं परत मिळालं असतं. हातोडी, टिचकी, सगळं. टेकडीवर मी घाबरून बोललो असं कुणी म्हणेल. पण ओट्यावर कसली घाई होती? कोण बघत होतं?

मी म्हणालो, “मारी व्हती ना, भो. दोनदा.”

त्याने मान हलवली. मग म्हणाला, “मंग मना कानच ग्यात.” आणि वर मलाच समजावलं — तू मनाला लावून घेऊ नको, तुझा काय दोष.

निशाताई दर वर्षी पावसाआधी येते. त्या अपघातानंतर तिने शिकवण्यात एक गोष्ट वाढवली. खाली दोरी धरणाऱ्याचा कान आता रोज काम सुरू करायच्या आधी तपासायचा, आणि आपल्याला कमी ऐकू येतं असं वाटलं तर त्याने न लाजता सांगायचं. का, असं नव्या पोरांनी विचारलं की ती माझ्याकडे बोट करते. कारण आता वरची पहार माझ्याकडे असते, आणि नव्या लोकांना शिकवायचं कामही. मी सांगतो त्यांना. हाक द्या, उत्तर येईपर्यंत थांबा, आमच्या रज्जाकभाईला ऐकू आलं नाही म्हणून त्याचा पाय गेला. पोरं गंभीर होऊन ऐकतात. एकाने तर आपल्या वहीत लिहून घेतलं. असं मी कितीदा सांगितलंय.

या वर्षी रज्जाकभाई काठी टेकत पहिल्या वळणापर्यंत आला होता. पिराला हात जोडायला वरपर्यंत जाववत नाही, म्हणून इथूनच, म्हणाला. एका दगडावर बसला. घाम आला म्हणून कानातलं मशीन काढून त्याने खिशात ठेवलं. आम्ही त्याच्या मागे, थोडं वर, चरीचं तोंड मोकळं करत होतो. अंतर बरंच होतं. कुणाच्या तरी पायाने एक खडा सुटला. खडा म्हणजे बोराएवढा. गवतातून घरंगळला. आमच्यातल्या कुणाला ऐकू आला नाही, मी तो पाहिला म्हणून मला कळलं.

रज्जाकभाईने मान वळवली. खडा जिथून आला बरोबर तिकडे. कान तिरका केला — तोच, घागरीवर करायचा तसा.

मी फावडं धरून उभा राहिलो. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जसं एखाद्याला दुसऱ्याची वस्तू आपल्या खिशात सापडावी. त्याने घाईघाईने खिशात हात घातला, मशीन काढलं, पुसलं आणि कानात परत बसवलं. मग आमच्याकडे बघून, उगाच मोठ्याने विचारलं, कुणी काही बोललं का?

कुणी काही बोललं नव्हतं. मीही बोललो नाही.

मी हाक दिली नव्हती. एकदाही नाही. निशाताईने विचारलं तेव्हा खोटं बोललो आणि ओट्यावर त्याने विचारलं तेव्हा पुन्हा. गावाला त्याच्याशी ओरडून बोलायला मी शिकवलं, आणि त्याच्या कानाला त्याच्यावरच संशय घ्यायलाही.

हे कुणीतरी त्याला वाचून दाखवेलच. मशीन काढायला सांगितलं तरी चालेल. जवळ जायची, आवाज चढवायची गरज नाही. नेहमीच्या आवाजात वाचलं तरी त्याला ऐकू येतं.